एका गोऱ्या शिपायाचा माग

महाविद्यालयाच्या इतिहास विभागात येणारे टपाल फारसे रंजक नसते. परीक्षांची परिपत्रके, पुस्तकविक्रेत्यांच्या याद्या, क्वचित एखाद्या परिषदेचे निमंत्रण. काही वर्षांपूर्वी मात्र आमच्याकडे एक जाड लिफाफा आला. त्यावर इंग्लंडचे तिकीट होते. आत एक लांबलचक पत्र आणि एका जुन्या छायाचित्राची प्रत. छायाचित्रात पंचविशीतला एक गोरा शिपाई वेताच्या खुर्चीवर ताठ बसलेला. मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा, त्यावर कारंजे आणि झाडे. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने एवढेच लिहिलेले होते, 'अहमदनगर, जानेवारी १९४२'.

अहमदनगर म्हणजे आमचे नगर. आज त्याचे सरकारी नाव अहिल्यानगर आहे. पत्र लिहिणाऱ्या बाई इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफक परगण्यातल्या, पेशाने शिक्षिका. त्यांनी लिहिले होते, "हे माझ्या आईचे वडील. नॉरफक पलटणीत शिपाई होते. सिंगापूरला जपान्यांच्या हाती सापडले, १९४५ च्या शरदात घरी परत आले आणि १९५८ साली वारले. त्या साडेतीन वर्षांबद्दल ते घरात एक शब्द बोलले नाहीत. माझी आई आठनऊ वर्षांची असताना गावातला एक माणूस तिच्यादेखत त्यांना म्हणाला होता, की आमची पोरं लढली, तू मात्र तिकडे बसून भात खाल्लास. वडिलांनी मान खाली घातली आणि ते घरी निघून आले. आई आता ऐंशीच्या घरात आहे. तिला मरण्यापूर्वी एवढेच समजून घ्यावयाचे आहे, की आपले वडील साडेतीन वर्षे कुठे होते आणि काय करीत होते. तुम्ही नगरचे आहात, इतिहास शिकवता, म्हणून तुम्हाला लिहिते."

आता खरे सांगायचे तर मी शिकवतो मराठ्यांचा इतिहास. इंग्रजी पलटणींचे कागद माझ्या वाटेला कधी आले नव्हते. पण एका मुलीने बापाविषयी विचारलेला प्रश्न "हा माझा विषय नव्हे" म्हणून परत कसा पाठवावा? मी होकार कळवला. पुढे दोन वर्षे आमचा पत्रव्यवहार चालला. कागद त्या शोधीत, मी त्यांच्याबरोबर ते वाचीत असे. त्या शोधात मी जे शिकलो, तेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम हा गोरा शिपाई नगरला कसा आला ते पाहू. ब्रिटनची अठरावी डिव्हिजन १९४१ च्या ऑक्टोबरअखेर मायदेशाहून निघाली. अटलांटिक ओलांडून ती कॅनडातील हॅलिफॅक्स बंदराला गेली आणि तेथे अमेरिकेच्या मोठ्या जहाजांवर चढली. शिपायांची समजूत अशी, की आपण मध्यपूर्वेच्या रणांगणावर चाललो आहोत. जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ पोहोचतात न पोहोचतात तोच जपानने युद्धात उडी घेतली आणि मलायावर सैन्य उतरवले. सारे बेत फिरले. डिव्हिजनचा एक भाग वाटेतूनच सिंगापूरकडे वळवला गेला. उरलेले सैन्य २७ डिसेंबर १९४१ रोजी मुंबईला उतरले. त्यातील चौपन्नाव्या ब्रिगेडला नगरच्या छावणीत पाठवण्यात आले. आमच्या शिपायाची चौथी नॉरफक पलटण याच ब्रिगेडमधली.

दोन महिने जहाजात कोंबलेली ही माणसे नगरच्या माळावर तीनएक आठवडे कवायत करीत होती. बाजारात जाऊन फोटो काढून घेणे ही तर शिपायांची सर्व देशांतली चाल! २३ जानेवारीला त्यांची जहाजे मुंबईहून सुटली आणि २९ जानेवारी १९४२ रोजी सिंगापूरला लागली. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले. म्हणजे दोन महिन्यांचा प्रवास, तीन आठवडे आमच्या गावची धूळ, सतरा दिवसांचे युद्ध आणि साडेतीन वर्षांची कैद. एवढा आराखडा छापील इतिहासात मिळतो. पण तो पलटणीचा आराखडा झाला. एका माणसाचे काय झाले, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्या माणसाचा कागद शोधावा लागतो.

आणि येथेच पहिली अडचण उभी राहते. आपण माणूस नावाने शोधू लागतो. पण फौजेत नावाला किंमत कमी. आपल्याकडे एखाद्या गावात 'तुकाराम पाटील' म्हणून हाक मारली तर पाचजण वळून पाहतील. इंग्लंडातही एकाच पलटणीत एकाच नावाचे आणि आडनावाचे चारचौघे सापडतात. फौज माणसाला ओळखते ती नंबराने. सातबाराच्या उताऱ्यावर जसा गट नंबर, तसा शिपायाला त्याचा नंबर. १९२० साली ब्रिटिश सैन्याने प्रत्येक पलटणीला क्रमांकांचा एकेक पट्टा नेमून दिला. त्यामुळे नंबर पाहून शिपाई प्रथम कुठे भरती झाला हे जाणकार सांगू शकतो. नॉरफक पलटणीचे जुने नंबर सात आकडी आणि बहुधा ५७ ने सुरू होणारे. उलट १४ ने सुरू होणारा आठ आकडी नंबर दिसला, तर माणूस बहुधा १९४२ च्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर सामाईक भरतीत आलेला. शिपाई पुढे दुसऱ्या पलटणीत गेला तरी नंबर सहसा तोच राहतो.

आमच्या बाईंना वाटले, आजोबांच्या पदकांवर नंबर असेल. पेटी उघडली, पदके काढली. पण त्यांच्यावर काहीच नाही. कारण दुसऱ्या महायुद्धातील मोहिमांची पदके ब्रिटनने आपल्या शिपायांना नाव न कोरता दिली. गंमत अशी, की हिंदी सैन्यातील शिपायांना मिळालेल्या त्याच पदकांवर नंबर आणि नाव कोरून देण्याची पद्धत होती. म्हणजे या बाबतीत इंग्लंडमधल्या घरापेक्षा आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या घरातली पेटी अधिक बोलकी! शेवटी बाईंना नंबर मिळाला तो एका छापील फॉर्मवर. आजीने तो शिवणाच्या डब्यात तळाशी जपून ठेवला होता. "आपले यजमान १५ फेब्रुवारी १९४२ पासून बेपत्ता आहेत" असे कळवणारा तो फॉर्म. वर पलटणीचे नाव, खाली नंबर. घरात नंबर कुठे सापडतो, असे कोणी विचारले तर मी सांगेन: पगाराच्या पुस्तकावर, सेवामुक्तीच्या दाखल्यावर, जुन्या पाकिटावरील पत्त्यात, आणि जो परत आला नाही त्याच्या थडग्याच्या शिळेवर.

नंबर हाती आला म्हणजे दुसरी पायरी, शिपायाची सेवापुस्तिका. ब्रिटनमध्ये हे कागद अनेक वर्षे संरक्षण खात्याच्या ताब्यात होते. २०२२ पासून ते लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवण्याचे काम सुरू झाले. थोडेथोडके नव्हे, नव्वद लाखांहून अधिक लोकांचे कागद. ज्यांच्या जन्माला ११५ वर्षे उलटली नाहीत त्यांचे कागद सर्वांना खुले नसतात. पण नातेवाइकाने मृत्यूचा दाखला जोडून अर्ज केला तर नक्कल मिळू शकते. बाईंनी अर्ज केला आणि बऱ्याच महिन्यांनी नक्कल आली.

त्यात भरतीचा फॉर्म होता. उंची, छाती, डोळ्यांचा रंग, धंदा शेतमजूर, डाव्या हनुवटीवर व्रण. बाईंनी मला लिहिले, "आजोबांच्या डोळ्यांचा रंग मला आज प्रथम कळला." पण महत्त्वाचा कागद दुसरा. त्याला फॉर्म बी. १०३ म्हणतात. शिपाई लढाईच्या मुलखात गेला, की त्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद तारखेसह या फॉर्मवर पडते. आमच्या शिपायाच्या फॉर्मवर जहाजात चढल्याची नोंद होती, मुंबईला उतरल्याची होती, पुन्हा जहाजात चढल्याची होती. मग 'बेपत्ता'. मग त्याच्याखाली, दुसऱ्या शाईत आणि १९४३ सालच्या तारखेने, 'युद्धकैदी असल्याचे समजते'. आणि त्यानंतर एकदम १९४५: 'शत्रूच्या ताब्यातून परत मिळाला'.

साडेतीन वर्षांवर तीन ओळी! आमच्या बाई निराश झाल्या. पण यात त्या कारकुनाचा दोष नाही. सरकारी कागद आपल्या ताब्यातल्या माणसाचा हिशेब ठेवतो. माणूस शत्रूच्या ताब्यात गेला, की हिशेब थांबतो. मग पुढचा हिशेब कोणाजवळ असणार? उघडच आहे, शत्रूजवळ.

युद्धकैद्यांना कसे वागवावे याविषयी १९२९ साली जिनिव्हा येथे एक करार झाला होता. पकडलेल्या प्रत्येक शिपायाची माहिती शत्रूपक्षाला कळवावी, हे त्यातले एक मुख्य कलम. जपानने करारावर सही केली होती, पण त्याला अंतिम मान्यता दिली नव्हती. कैद्यांना वागवण्याच्या बाबतीत त्याचे परिणाम भयंकर झाले. तरी जपानने डिसेंबर १९४१ मध्येच टोकियोत युद्धकैद्यांचे माहिती कार्यालय उघडले आणि कैद्यांची एकेक कार्डे तयार केली. माहिती मात्र इंग्लंडला पोहोचता पोहोचता वर्ष-दीड वर्ष गेले. या बाईंच्या आजीला नवरा जिवंत आहे हे कळले ते १९४३ च्या उन्हाळ्यात. एक छापील कार्ड आले, त्यावर ठराविक वाक्ये छापलेली. मी कैदेत आहे, माझी प्रकृती अमुक आहे, मी पगारावर काम करतो. नको ते खोडावयाचे आणि खाली सही करावयाची. आजीने ती सही पाहिली आणि मग कुठे तान्ह्या मुलीला सांगितले, की तुझे बाबा आहेत.

युद्ध संपल्यावर जपान्यांची ती कार्डे दोस्त राष्ट्रांच्या हाती आली. आज त्यांपैकी पन्नास हजारांहून अधिक कार्डे क्यूच्या अभिलेखागारात, डब्ल्यू. ओ. ३४५ या मालिकेत, आडनावांच्या अनुक्रमाने ठेवली आहेत. कार्ड हाताच्या पंज्याएवढे. त्यावर छावणी, नाव, हुद्दा, पलटण आणि नंबर, पकडल्याची जागा व तारीख, बापाचे नाव, आईचे नाव, धंदा, घरचा पत्ता. काही मजकूर इंग्रजीत, काही जपानीत. मागच्या बाजूस एका छावणीतून दुसरीत हलवल्याच्या नोंदी.

या कार्डावरच्या तारखा वाचताना पुष्कळांची फसगत होते. आमच्या बाईंचीही झाली. पकडल्याची तारीख होती १७-२-१५. त्या मला विचारू लागल्या, "हे १९१५ साल कसे? तेव्हा आजोबांचा जन्मही झाला नव्हता." श्रोतेहो, पंचांग पाहणाऱ्या आपल्या माणसांना हे कोडे लगेच उलगडेल. जपानी लोक सम्राटाच्या कारकीर्दीची वर्षे मोजतात. त्या वेळच्या सम्राटाचा शोवा शक १९२६ साली सुरू झाला. आपण शालिवाहन शकात ७८ मिळवून इसवी सन काढतो, तसे शोवा वर्षात १९२५ मिळवावे. १७ अधिक १९२५ म्हणजे १९४२. आणि ते आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितात. तेव्हा १७-२-१५ म्हणजे १५ फेब्रुवारी १९४२. सिंगापूर पडले तोच दिवस. हे मी त्यांना कळवले तेव्हा त्यांना मोठे आश्चर्य वाटले. मी म्हटले, बाई, यात माझी विद्वत्ता काही नाही, आमच्या घरी भिंतीवर दोन शकांचे कॅलेंडर असते.

या कार्डांची आणखी एक खूण आहे. कैदी मेला, की कार्डावर तिरपी तांबडी रेघ ओढीत. आमच्या शिपायाच्या कार्डावर रेघ नव्हती. पण बाईंनी लिहिले, "त्याच्या मागचे-पुढचे कार्ड पाहताना हात थरथरत होता. एकेका कार्डावर ती तांबडी रेघ येत होती आणि खाली आईचे नाव लिहिलेले होते."

कार्डावरून एवढे कळले, की आजोबांना थायलंडच्या छावण्यांत नेले होते. म्हणजे सयाम-ब्रह्मदेश रेल्वे. ब्रह्मदेशातील आपल्या सैन्याला रसद पोहोचवण्यासाठी जपान्यांनी डोंगर आणि जंगल फोडून सुमारे ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग बांधला. काम १९४२ च्या मध्यास सुरू झाले आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये दोन्हीकडचे रूळ एकमेकांना भिडले. त्यावर साठ हजारांच्या आसपास युद्धकैदी राबवले गेले. इंग्रज, ऑस्ट्रेलियन, डच. त्यातील बारा हजारांहून अधिक मेले. पटकी, हगवण, हिवताप, पायांचे सडलेले व्रण, आणि उपासमार. 'बसून भात खाल्ला' म्हणतात तो हा भात!

पण श्रोतेहो, येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. या रेल्वेवर कैद्यांखेरीज आशियातले मजूरही होते, कैद्यांच्या कितीतरी पट. ब्रह्मी, मलायी, जावातले, आणि मलायाच्या रबराच्या मळ्यांतून नेलेले आपले तामीळ बांधव, काही बायकामुलांसह. कैद्यांपेक्षा ते कितीतरी अधिक मेले. त्यांच्या मृत्यूचा नक्की आकडा आजही कोणाला सांगता येत नाही, कारण त्यांची कार्डे कोणी लिहिलीच नाहीत. तांबडी रेघ ओढायलासुद्धा आधी एक कागद असावा लागतो.

तर आता तिसरी पायरी. आजोबा तेथे होते एवढे कळले. पण काय करीत होते? याचे उत्तर त्यांच्याच हस्ताक्षरात मिळाले. सुटका झाल्यावर कैद्यांना एक छापील प्रश्नावली देण्यात येई. आपण कोणकोणत्या छावण्यांत होता, कोणत्या तारखांस. कोणते काम केलेत. आजारी पडलात काय. पळण्याचा प्रयत्न केलात काय. शत्रूच्या कामात काही बिघाड केलात काय. कोणाचे हाल झालेले पाहिलेत काय. अशा सुमारे १,४०,००० प्रश्नावल्या क्यूला डब्ल्यू. ओ. ३४४ या मालिकेत आहेत. जर्मनांच्या आणि जपान्यांच्या, दोघांच्याही कैद्यांच्या. सर्वांनी त्या भरल्या नाहीत. कित्येकांना लवकर घरी जाण्याची घाई होती, त्यांनी दोन ओळी लिहून कागद परत केला. म्हणून प्रश्नावली मिळाली तर भाग्य समजावे.

आमच्या शिपायाची मिळाली. छावण्यांच्या रकान्यात शाळकरी अक्षरात चांगी, बानपाँग, चुंगकाई, तार्साव अशी नावे, पुढे महिने. पळण्याच्या रकान्यात 'नाही'. बिघाडाच्या रकान्यात 'नाही'. शौर्याचे काही नाही. आणि मग शेवटी, 'आणखी काही सांगावयाचे असल्यास' अशी मोकळी जागा होती, तेथे त्यांनी तीन माणसांची नावे लिहिली होती. प्रत्येकाचा नंबर, मेल्याची तारीख, छावणी आणि कोठे पुरले ती खूण. 'नदीच्या बाजूस, बांबूच्या बेटाजवळ, दुसरी रांग'. खाली एक वाक्य, 'यांच्या घरी कळवावे. मी त्यांना तसे वचन दिले आहे.'

जेथे वहीपेन्सिल सापडली तर मार बसे, तेथे या माणसाने तिघांचे नंबर आणि तारखा दोनअडीच वर्षे डोक्यात सांभाळल्या होत्या. आणि असे करणारा तो एकटाच होता असेही नाही. चांगीच्या छावणीत कैद्यांनी स्वतःचे नोंदी-चौकशी कार्यालयच चालवले होते. कोण कुठे गेला, कोण मेला, याच्या याद्या ते ठेवीत. ज्यांच्याजवळ दुसरे काही उरले नव्हते त्यांनी हिशेब सोडला नाही.

बाईंनी पुढे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी पाहिल्या. हा आयोग १९१७ पासून काम करतो आणि त्याच्या याद्या सर्वांना विनामूल्य पाहता येतात. तिघांपैकी एकाची समाधी चुंगकाईला निघाली, दुसऱ्याची कांचनबुरीला. तिसऱ्याला थडगे नाही. त्याचे नाव सिंगापूरच्या स्मारकावर आहे. त्या स्मारकावर ज्यांना थडगे मिळाले नाही अशा चोवीस हजार सैनिकांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत हिंदी शिपायांची नावेही पुष्कळ आहेत. एका शिपायाच्या मृत्यूच्या तारखेत आजोबांच्या कागदात आणि आयोगाच्या यादीत दोन दिवसांचा फरक पडला. बाई गोंधळल्या. मी त्यांना लिहिले, दोन्ही कागद राहू द्या, एकही खोडू नका. एकाने मेल्याचा दिवस धरला असेल, दुसऱ्याने पुरल्याचा. कागद भांडू लागले की घाबरू नये. दोन्ही नोंदी शेजारी लिहाव्यात आणि प्रत्येक कोणी, केव्हा, कशावरून केली ते पाहावे. घटनेच्या जवळचा कागद थोडा अधिक विश्वासाचा, इतकेच.

जपानऐवजी जर्मनी किंवा इटलीच्या कैदेतला शिपाई असला तर वाट थोडी वेगळी. त्या कैद्यांच्या छापील याद्या आहेत, जर्मनांनी केलेली कार्डे क्यूला आली आहेत, आणि जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडेही युद्धकाळातील कैद्यांची नोंद आहे. तेथे शिपायाच्या नंबराखेरीज छावणीचा आणि कैदी म्हणून मिळालेला नंबरही उपयोगी पडतो.

या वाटेवर आपली माणसेही भेटतात बरं का! जून १९४२ मध्ये आफ्रिकेतील टोब्रुक पडले, तेव्हा पाचव्या मराठा पलटणीची दुसरी बटालियन तेथे स्कॉटलंडच्या कॅमेरन हायलँडरांच्या शेजारी, एकाच ब्रिगेडमध्ये लढत होती. दोन्ही पलटणींचे शेकडो लोक एकाच वेळी कैदेत गेले. त्या हायलँडरचा नातू आज इंग्लंडात घरबसल्या आजोबांचे कार्ड मागवू शकतो. आणि त्याच्या शेजारच्या खंदकातल्या मराठा शिपायाचा नातू? तो बहुधा एवढेच सांगेल, "आजा लढाईवर गेला होता, लई दिवस पत्ता नव्हता, मग आला."

म्हणून शिक्षकबंधू आणि भगिनींना माझी विनंती आहे. आपापल्या गावात अशी घरे आहेत. मुलांना एक साधे काम द्या. घरात कोणी फौजेत होते का, हे विचारा. पेटीत पदक असेल तर त्याच्या कडेवरचा नंबर आणि नाव उतरवून घ्या. ते पदक घासून लख्ख करू नका, अक्षरे झिजतात. सेवामुक्तीचा दाखला, पेन्शनचे पुस्तक, पत्रांची पाकिटे असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद कोरड्या जागी ठेवा. म्हाताऱ्या बायांना काय आठवते ते त्यांच्याच शब्दांत तारीख घालून लिहून घ्या. त्यांना सुधारू नका. मग चौकशी करा. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र आणि अभिलेख कार्यालय बेळगावला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असते. जो परत आला नाही त्याचे नाव युद्धसमाधी आयोगाच्या यादीत पाहा. उत्तर लवकर येईल असे मी म्हणत नाही, येईलच असेही म्हणत नाही. पण हाती नंबर असला तर विचारता तरी येते. नंबर गेला, की माणूस नुसता 'लढाईवर गेला होता' एवढाच उरतो.

आता त्या पत्राची गोष्ट पुरी करतो. बाईंनी आजोबांच्या प्रश्नावलीची नक्कल आईला वाचून दाखवली. आई बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, "त्या तिघांच्या घरी कळवले का कोणी?" कागदात याचे उत्तर नव्हते. म्हणून मायलेकींनी ते शोधायचे ठरवले. तिघांपैकी एका घराचा माग लागला. शेजारच्याच परगण्यात त्या शिपायाची पुतणी राहत होती. बाईंनी तिला 'बांबूच्या बेटाजवळ, दुसरी रांग' ही ओळ उतरवून पाठवली. काका थायलंडला गेले एवढेच त्या घराला ठाऊक होते; ते गेले तेव्हा त्यांच्याजवळ कोणी होते, हे त्यांना आजच कळले.

त्यानंतर बाईंचे मला आलेले पत्र लहान होते. त्यात लिहिले होते, "आई म्हणते, त्या माणसाला द्यायचे उत्तर आता माझ्याजवळ आहे, पण तो माणूस राहिला नाही आणि आता ते द्यायची गरजही वाटत नाही."

नगरच्या बाजारात तो फोटो कोणत्या दुकानात काढला, हे मात्र मला अजून सापडलेले नाही. पडद्यावर कारंजे आणि दोन झाडे आहेत. ज्या कोणाच्या घरी तसल्या पडद्यापुढे काढलेला जुना फोटो असेल, त्यांनी त्याची मागची बाजू एकदा उलटून पाहावी. तेथे कदाचित दुकानाचा शिक्का असेल. आणि नसला, तरी आपल्या आजोबांनी पेन्सिलीने काही लिहिलेले असेल, तर ते आज संध्याकाळीच वहीत उतरवून ठेवावे.